भुंगे देशी, चित्रं विलायती

वळवाची पहिली सर पडली की हिंजवडीत दिव्यांभोवती हुमणीचे भुंगेरे घिरट्या घालू लागतात आणि आपण खिडक्या लावून घेतो. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनचे शौकीन मात्र परदेशी भुंग्यांसाठी रोख पैसे मोजत, त्यांची चित्रं काढून घेत. त्या चित्रांच्या काही गमती.

न पाहिलेला भारत: एडवर्ड डोनोव्हनने १८०० ते १८०४ दरम्यान भारतातल्या कीटकांवर रंगीत ग्रंथ काढला. चित्रपानं ५८. गृहस्थ भारतात कधी फिरकलेच नाहीत! लंडनच्या संग्रहांतले टाचणीला टोचलेले किडे पाहून सगळं काम उरकलं.

अंड्याची झिलई: हिरव्या सोनकिड्याची चकाकी रंगातून येत नाही. कवचाच्या सूक्ष्म थरांवर प्रकाश खेळतो, म्हणून तो चमकतो. ती कुंचल्यात कशी पकडायची? डोनोव्हनने धातूचे रंग लावले आणि वरून अंड्याचा पांढरा बलक फिरवला. छापील रेषांत रंग हातानेच भरायचे, तेही प्रत्येक प्रतीत.

त्यापेक्षा सोपा उपाय: सतराव्या शतकात जम्मूकडच्या बसोहलीच्या चित्रकारांनी ही कटकटच ठेवली नाही. दागिन्यांत पाचू दाखवायचा झाला की सोनकिड्याच्या पंखाचा तुकडा सरळ कागदावर डकवला.

एक किडा, सहा पेन्स: लंडनचा चांदीकाम करणारा ड्रू ड्रुरी जहाजांवरच्या लोकांना किडे पकडण्याच्या सूचना छापून द्यायचा. भाव नगाला सहा पेन्स, पण किडा निदान मधमाशीएवढा हवा. आलेल्या मालाची चित्रं मोझेस हॅरिस काढायचा.

पुण्याचा गेंडा: पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा १७९० मध्ये पुण्याच्या गंगाराम तांबटांनी कागदावर उतरवला. नारळाच्या शेंड्यात शिरणारा शिंगवाला गेंड्या भुंगा मात्र प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसच्या १७५८ च्या यादीत आधीच जाऊन बसला होता.

कॅमेरा आला, तरी पेन्सिल सुटली नाही: कित्येक भुंग्यांची जात बाहेरून कळतच नाही. नराच्या जननेंद्रियाचं रेखाचित्र काढलं की मगच नाव पक्कं होतं. शास्त्रीय निबंधांत अशी चित्रं आजही छापतात. टाचणीवरचे खरे नमुने सांभाळणारं भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र हिंजवडीपासून लांब नाही, आकुर्डीतच आहे.

सहा ठिपकेवाला भुंगा: काळा कुळकुळीत, पांढरे ठिपके सहा: दोन मानेमागच्या ढालीवर, चार पाठीवर. उडता येत नाही, पण पळतो जोरात. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७७५ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं. दख्खनच्या माळरानांवर तो आजही भेटतो.

जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात, हिंजवडी फेज वनच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा वेळ सहज मिळतो. जिवंत मॉडेल हवं असेल, तर पावसाच्या तोंडावर टेकडी गाठा. फक्त सहा ठिपकेवाल्याचा क्लोजअप घ्यायला नाक जवळ नेऊ नका. तो आम्लाची पिचकारी मारतो आणि नेमही चांगला आहे.