गिरिवैद्यक : एका विद्याशाखेचे नामकरण

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माणसास बोट लागते. आंबा घाटाची वळणे चढताना गाडी लागते. परगावचे पाणी बाधते आणि कालांतराने तेथील हवा मानवतेही. स्थलांतरामुळे देहास होणाऱ्या उपद्रवांचे हे वर्गीकरण मराठीने क्रियापदांच्या द्वारा केव्हाच करून ठेवले आहे. उंचीमुळे जडणाऱ्या विकारास मात्र तिच्यात घरगुती शब्द नाही. कारण उघड आहे. हा विकार साधारणतः २५०० मीटरांच्या वर संभवतो आणि महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १६४६ मीटरांचे.

ज्या प्रदेशांत असे पर्वत आहेत तेथील लोकांनी नावे दिली. पण ती देताना प्रत्येकाने निराळा धागा धरला. प्राचीन चिनी ग्रंथकारांनी लक्षणावरून पर्वतांनाच ‘डोकेदुखीचे पर्वत’ म्हटले. अँडीजमधील ‘पुना’ हे मुळात उंच पठाराचे नाव. तेच पुढे रोगाचे झाले. (पुणे शहराशी त्याचा संबंध नाही, हे सांगणे न लगे.) ‘सोरोचे’ हा शब्द मूळचा खनिजवाचक, खनिजांच्या वाफांनी माणूस आजारी पडतो, ही समजूत त्यात गोठून राहिली आहे. हिमालयातील वाटाडे विषारी वाऱ्यास दोष देत. हवेची विरलता हे कारण स्पॅनिश धर्मोपदेशक आकोस्ता याने १५९० साली सुचविले. प्राणवायूच्या दाबातील न्यूनता हेच ते कारण, हे पॉल बेर याने १८७८ साली प्रयोगांनी दाखविले.

तथापि कारण कळले म्हणून रोग ओळखता येतो, असे नव्हे. चिलीतील खाणींवर काम करणाऱ्या रेव्हनहिल या डॉक्टराने १९१३ साली ‘पुना’चे साधा, हृदयाचा व मज्जासंस्थेचा असे तीन प्रकार वर्णिले. आजचे तिन्ही प्रकार – सौम्य पर्वतविकार, फुप्फुसात पाणी होणे व मेंदूस सूज येणे – त्यांत जवळपास जसेच्या तसे आढळतात. परंतु हा लेख विस्मृतीत गेला, आणि फुप्फुसात पाणी झालेल्या रुग्णास न्यूमोनियाचा रुग्ण समजण्यात येऊ लागले. चुकीच्या नावाचे मोल प्राणांनी द्यावे लागे. कारण न्यूमोनियाच्या रुग्णास विश्रांती देतात, याला तर तत्काळ खाली उतरविणे आवश्यक असते. चार्ल्स ह्यूस्टन या गिर्यारोहक डॉक्टराच्या १९६० सालच्या लेखाने हा विकार स्वतंत्र म्हणून वैद्यकविश्वापुढे ठसठशीतपणे आला. पुढे १९६२ च्या युद्धात भारतीय सैनिकांना हवा मानवण्यास अवधी न देता हिमालयात चढवावे लागले. त्या काळातील अनुभवातून इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली १९२५ सैनिकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

सामग्री वाढली, पण एकाचा ‘रुग्ण’ तो दुसऱ्याचा रुग्ण असेलच, याची शाश्वती नव्हती. गिरिवैद्यकाची आंतरराष्ट्रीय संस्था १९८५ साली स्थापन झाली ती या पार्श्वभूमीवर. आणि कॅनडातील लेक लुईस येथे १९९१ साली भरलेल्या परिषदेत तज्ज्ञांनी व्याख्या ठरविल्या. नुकत्याच गाठलेल्या उंचीवर डोकेदुखी व तिच्या जोडीस अन्य एक तरी लक्षण असावे, असे ठरले. २०१८ साली त्या लक्षणांतून निद्रानाश वगळण्यात आला. इतर लक्षणांशी त्याचा मेळ बसत नव्हता.

मराठी गिर्यारोहक आज हिमालयात मोठ्या संख्येने जातात. तेथे डोके दुखून मळमळू लागले, की घरच्या भाषेत त्यांच्या तोंडी प्रथम येणारा शब्द बहुधा ‘पित्त’ हाच असतो.