मुतखडा काढला, पण तपासला का?

शस्त्रक्रियेनंतर मुतखड्याचे तुकडे डबीत घालून दिले जातात आणि पुष्कळ घरांत ती डबी कपाटात पडून राहते. ते तुकडे प्रयोगशाळेतच जायला हवेत. इन्फ्रारेड किरणांच्या तपासणीत त्यांतली खनिजं ओळखता येतात आणि पुढचा उपचार बराचसा त्यावरच ठरतो.

बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. त्याची मुख्य रूपं दोन, व्हेवेलाइट आणि वेडेलाइट. दोन्ही निसर्गातही सापडतात. व्हेवेलाइट इतकं कठीण की बाहेरून दिलेल्या धक्कालहरींनी ते सहजी फुटत नाही. असा खडा निघाला की घरचे रुग्णाचं दूध तोडतात. कृपा करून तसं करू नका. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवतं. ते कमी पडलं तर ऑक्झलेट लघवीत जास्त उतरतं.

युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, पण औषधाने लघवीची आम्लता कमी केली तर तो विरघळू शकतो. म्हणजे पुढची शस्त्रक्रिया टळू शकते! स्ट्रुव्हाइट जंतुसंसर्गातून वाढतो. त्याचा कण मागे राहिला तरी पुन्हा खडा धरतो. सिस्टिनचा खडा दुर्मीळ आणि आनुवंशिक असतो, म्हणून रुग्णाच्या भावंडांनाही तपासून घ्यावं.