शेवटचा पहारेकरी

नर्मदाकाठचे जबलपूर हे तसे हॉकीवर प्रेम करणारे शहर. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबांचे येथे वास्तव्य आहे आणि नागपूरशी त्याचा घरोबा जुना आहे. १९८५-८६ च्या हंगामात मात्र या शहरात फुटबॉलचा सोहळा रंगला. राष्ट्रीय अजिंक्यपदाची संतोष करंडक स्पर्धा येथे भरली होती. अंतिम सामन्यात पंजाब आणि बंगाल हे बलाढ्य संघ समोरासमोर आले. निर्धारित खेळात कोंडी फुटली नाही आणि अखेर टायब्रेकरचा आधार घ्यावा लागला. त्यात पंजाबने बाजी मारली.

टायब्रेकर म्हणजे गोलरक्षकाच्या एकाकीपणाची परिसीमा. सहकारी दूर मध्यवर्तुळात उभे असतात. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असा गोल राखण्यासाठी एकच माणूस उरतो. अवघ्या अकरा मीटरवरून सुटलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापर्यंत पोहोचतो. शिवाय त्या काळचा नियमही कठोर होता. चेंडूला लाथ बसेपर्यंत गोलरक्षकाला रेषेवर पाय हलविण्याची मुभा नव्हती. रेषेवरच डावी-उजवीकडे सरकण्याची सवलत मिळाली ती १९९७ मध्ये.

जबलपुरात ही स्पर्धा रंगली त्या काळात भारतीय संघाची धुराही एका गोलरक्षकाच्याच खांद्यावर होती. त्यांचे नाव ब्रह्मानंद सगुण कामत संखवाळकर.

ताळगावचा मुलगा

६ मार्च १९५४ रोजी गोव्यातील ताळगाव येथे ब्रह्मानंद यांचा जन्म झाला. गोवा मुक्त झाला तेव्हा ते जेमतेम सात वर्षांचे होते. गोव्यात फुटबॉल पोहोचला तो १८८३ मध्ये, शिवोलीत आलेल्या फादर विल्यम लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंच्या हातून. पुढे तो गावोगावी रुजला. भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांतून मुलांचे सामने रंगू लागले. या मातीतूनच ब्रह्मानंद घडले.

गोव्यातीलच पानवेल स्पोर्ट्स क्लबमधून ते पुढे आले आणि १९७४ मध्ये वास्कोच्या साळगावकर संघात दाखल झाले. तेथे ते तब्बल सतरा वर्षे राहिले. त्यानंतर चर्चिल ब्रदर्स आणि अँडरसन मरीन या संघांकडूनही ते खेळले. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे वयाची चाळिशी गाठेपर्यंत, त्यांनी गोल राखला. आघाडीच्या खेळाडूची कारकीर्द तिशीनंतर उताराला लागते. गोलरक्षकाचे मात्र वेगळे असते. त्याचे पाय किंचित मंदावले तरी डोळा अधिक जाणता होतो. चेंडू कोठून येणार, हे तो आधीच ओळखू लागतो.

न झालेल्या गोलांची कमाई

गोव्याच्या फुटबॉलमधील सोनेरी पाने ब्रह्मानंद यांच्या काळात लिहिली गेली. १९८२-८३ मध्ये संतोष करंडकाचा अंतिम सामना कोलकात्यात झाला. समोर यजमान बंगालचा संघ आणि भोवती त्याचाच प्रेक्षकवर्ग. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळविण्यात आला; तोही गोलशून्यच राहिला. अखेर दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले आणि गोव्याच्या नावावर पहिला संतोष करंडक लागला. पुढच्याच हंगामात मद्रास येथे पंजाबला १-० असे नमवून गोव्याने तो एकट्याने जिंकला. या दोन्ही यशांत गोलची राखण ब्रह्मानंद यांच्याकडे होती. तिन्ही अंतिम लढती पाहिल्या, तर गोव्याने मारलेला गोल एकच. पण गोव्यावर झालेला गोल एकही नाही.

गोलरक्षकाचा हिशेब हा असा असतो. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडून अकराव्या वेळी गोल केला, तरी त्याला खांद्यावर घेतले जाते. गोलरक्षकाने दहा फटके अडवून अकरावा सोडला, तर लोकांना आठवतो तो अकरावाच. बँकेतील रोखपालाला या भावनेची ओळख करून द्यावी लागणार नाही. संध्याकाळी रोकड पैशापैशाने जुळली, तर त्याचे कोणी कौतुक करीत नाही. मात्र एक नोट कमी भरली, तर सारी शाखा थांबते.

भारतीय संघाने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत गोलरक्षक भास्कर गांगुली यांना कर्णधार केले होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात ही जबाबदारी ब्रह्मानंद यांनी सांभाळली. सलग दोन गोलरक्षक कर्णधार होणे नवलाचे वाटेल. पण सारे मैदान ज्याच्या नजरेसमोर असते, असा संघातील एकमेव खेळाडू तोच होय.

उशिरा आलेला मान

ब्रह्मानंद यांचा काळ आजच्यासारखा पैशाचा नव्हता. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये. तोवर त्यांनी हातमोजे उतरविले होते. त्या पिढीतील अनेक फुटबॉलपटूंना आधार मिळाला तो बँका, रेल्वे, पोलीस दल आणि खासगी कंपन्यांतील नोकऱ्यांचा. सकाळी सराव, दिवसा कचेरी आणि सुटीच्या दिवशी सामना, असा दिनक्रम अनेकांनी वर्षानुवर्षे पाळला. गुडघा कायमचा दुखावला तरी घरची चूल पेटती राहील, हा भरवसा या नोकऱ्यांनी दिला.

सन्मानांनीही वाट पाहायला लावली. अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला, तो निवृत्तीनंतर. पद्मश्री जाहीर झाली २५ जानेवारी २०२२ रोजी, तेव्हा ब्रह्मानंद अडुसष्टाव्या वर्षात होते. दरम्यान गोवा फुटबॉल विकास परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. स्वतः रेषेवर उभे राहण्याचे दिवस सरल्यावर गावोगावच्या मुलांसाठी मैदानाची वाट मोकळी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

आता नियम बदलले आहेत. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येत नाही. २०२५ पासून तर चेंडू आठ सेकंदांहून अधिक काळ हातात धरल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर किक मिळते. आजच्या गोलरक्षकाला हातांइतकेच पायही चालवावे लागतात. मूळ काम मात्र तेच राहिले आहे. इतर दहा जण पुढे धावत असताना मागे थांबावे लागते. नव्वद मिनिटांत कदाचित एकदाच आपली गरज भासेल, पण त्या एका क्षणासाठी उरलेला सारा वेळ जागे राहावे लागते. ब्रह्मानंद संखवाळकर यांनी हे जागरण दोन दशकांहून अधिक काळ निष्ठेने केले.