ओली धावपट्टी, पाठीमागचा वारा
७ ऑगस्ट २०२०. पावसाळी रात्री दुबईहून आलेलं विमान कोझिकोडच्या टेकडीवरील २,७०० मीटरच्या धावपट्टीवर जवळपास निम्मं अंतर ओलांडून टेकलं, आणि टोकापलीकडच्या उतारावरून कोसळलं. २१ जीव गेले.

वैमानिक शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतात, कारण त्यामुळे जमिनीवरचा वेग कमी भरतो. त्या रात्री वारा पाठीमागून होता. शिवाय पाऊस! पाणी साचलं असेल तर वेगातल्या चाकाखाली त्याचा थर शिरतो. मग ब्रेक दाबूनही पकड मिळत नाही. धावपट्टीवर आडवे चर कोरतात ते पाणी निघून जावं म्हणूनच.

पावसाळ्यात तुमच्या विमानानं उतरता उतरता पुन्हा झेप घेतली, तर वैमानिकावर चिडू नका. तो तुमचा जीव जपतो आहे.