न वापरताच बाद

विमानाच्या इंजिनाचा सुटा भाग वापरून झिजला की बाद होतो, हे कुणालाही पटतं. पण खोकं फोडलेलं नाही, किंमत डॉलरमध्ये मोजलेली, आणि तरी स्टोअरवाला त्यावर लाल टॅग लावतो, तेव्हा नवख्याचा जीव तुटतो. काही भागांना नुसतं पडून राहणंही मानवत नाही.

नागपुरात हा हिशेब रोजचा आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथलंच. मिहानमध्ये बोईंगच्या मदतीने उभं राहून 2015 मध्ये सुरू झालेलं एअर इंडियाचं दुरुस्ती केंद्र आहे. आता ते सरकारी एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस चालवते. आणि मे महिन्यात बाहेर पारा 45 च्या पुढे.

या उन्हाचा धसका रबराला. तेल-इंधन अडवणाऱ्या ओ-रिंगा हवेतल्या ऑक्सिजन-ओझोनने, उजेडाने, उष्णतेने कडक होतात. घरच्या कुकरची जुनी रिंग वाकवून पाहा, भेगा दिसतील. म्हणून पाकिटावर ‘क्युअर डेट’ असते, म्हणजे रबर साच्यात पक्कं झालं ती तिमाही आणि वर्ष. प्रचलित मानकानुसार नायट्राइलची रिंग 15 वर्षं ठेवता येते, पॉलियुरेथेनची 5. फ्लुओरोकार्बन आणि सिलिकोनला मुदतच नाही. अट एवढीच, की पाकीट बंद नि अपारदर्शक हवं, तापमान साधारण 38 अंशांच्या आत हवं. स्टोअरमधला एसी माणसांसाठी आहे असा समज असेल, तर तो सोडावा.

मग 14 वर्षं कपाटात काढलेली रिंग इंजिनात बसवली, तर वर्षाने उपसायची का? नाही. बसवली त्या दिवशी साठवणीचा हिशेब मिटतो. पुढे ती किती चालवायची ते दुरुस्तीची नियमपुस्तिका ठरवते, आणि ती सहसा पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत चालते. या दोन मुदतींची सरमिसळ फार होते.

मिहानमध्येच टाटांच्या कारखान्यात बोईंग 787 च्या फरशीखालच्या तुळया तयार होतात. त्या इंजिनाच्या नाहीत, पण वयाचा आणखी एक प्रकार तिथल्यासारख्या कामात दिसतो. रेझिन मुरवलेलं कार्बनचं कापड उणे 18 अंशांच्या आसपास फ्रीझरमध्ये ठेवतात. फ्रीझरमधली मुदत वेगळी आणि बाहेर काढल्यावरची वेगळी. गुंडाळी दर वेळी किती तास बाहेर राहिली याची नोंद होते, ते तास बेरजेत धरतात आणि बेरीज भरली की कापड बाद.

धातूच्या डिस्कांचं गणित उलटं आहे. कपाटात त्यांचं काही जात नाही, गंजापासून जपलं की झालं. (साठवलेल्या अख्ख्या इंजिनाला मात्र पिशवीत सिलिका जेल घालून गुंडाळतात, नाहीतर बेअरिंगना गंज चढतो.) डिस्कांचं वय ‘सायकल’मध्ये: एक उड्डाण म्हणजे एक सायकल. टेकऑफला डिस्क तापते, ओढली जाते, उतरल्यावर सैल पडते; धातू थकतो तो या ये-जा करण्याने. त्यामुळे पंधरा तासांचं मुंबई–न्यूअर्क आणि दीड तासाचं नागपूर–मुंबई, दोन्ही एकच सायकल. देशांतर्गत विमानांचं इंजिन म्हणूनच तासांच्या मानाने लवकर म्हातारं होतं. सीएफएम56 च्या डिस्क, शाफ्ट अशा भागांच्या मर्यादा साधारण 15,000 ते 30,000 सायकलींच्या असतात.

हा आकडा म्हणजे हमी नव्हे. 19 जुलै 1989 ला अमेरिकेत सू सिटीजवळ डीसी-10 च्या शेपटीतल्या इंजिनाची फॅन डिस्क फुटली. मर्यादा 18,000 होती, फुटली 15,503 व्या सायकलीला. टायटॅनियम वितळवतानाच राहिलेल्या दोषातून तडा वाढत गेला होता आणि तपासणीत तो सुटला. 296 पैकी 112 जण गेले.

रशियन आणि युक्रेनी बनावटीच्या यंत्रांना तास आणि वर्षं अशी दुहेरी मर्यादा असते. जी आधी भरेल ती. वायुसेनेच्या एएन-32 विमानांचं आयुष्य 25 वरून 40 वर्षांवर नेण्याचा करार 2009 मध्ये झाला. तपासून मुदत वाढवता येते, मनाने नाही.

शेवटी सगळं कागदावर येऊन ठेपतं. कारखान्यातून निघाल्यापासून प्रत्येक सायकलीचा हिशेब नसेल, तर लखलखीत डिस्कही भंगार. 2023 मध्ये लंडनच्या एओजी टेक्निक्सने खोट्या कागदांवर सुटे भाग विकल्याचं उघड झालं, आणि अनेक कंपन्यांना विमानांवरून इंजिनं उतरवावी लागली. म्हणून मुदत संपलेली डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी कापून वापरता येणार नाही अशी करायची असते. नुसता शिक्का मारून सोडली, तर ती नव्या कागदांसह परत यायची.