वारा सर्वांचा, माथा कोणाचा?

वाऱ्याला कुंपण घालतां येत नाहीं. तो सर्वांचा आहे. परंतु वाऱ्यापासून वीज काढणारी पवनचक्की मात्र कोणाच्या तरी भूमीवर आणि कोणाच्या तरी दारासमोर उभी राहते. पवनविजेविषयींचे बहुतेक तंटे येथूनच उद्भवतात.

त्यांचें मूळ वाऱ्याच्या स्वभावांत आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यापासून मिळणारी शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणून चक्क्यांना उघडे डोंगरमाथे, समुद्रकांठ आणि उथळ समुद्र हवे असतात. परंतु अशा जागीं माणसें व पशुपक्षी पूर्वींपासूनच वस्ती करून असतात.

नॉर्वेंतील फोसेन द्वीपकल्पावर सामी लोक रेनडियरांचे कळप पाळतात. हिवाळ्यांत दगडफूल हें या जनावरांचें मुख्य अन्न होय. ज्या माथ्यांवरील बर्फ वारा उडवून लावतो, तेथें तें त्यांना सहज मिळतें. नेमक्या अशाच माथ्यांवर, स्टूरहेया व रोआन येथें, १५१ चक्क्या उभ्या राहिल्या. रेनडियर चक्क्यांजवळ फिरकत नाहींत. म्हणून चराई बुडाली. ११ ऑक्टोबर २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनीं एकमतानें निर्णय दिला कीं, या चक्क्यांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करणारे, म्हणून अवैध आहेत. तरीहि चक्क्या फिरतच राहिल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें तरुणांनीं ओस्लो येथील मंत्रालयांत ठाण मांडलें. अखेर डिसेंबर २०२३ व मार्च २०२४ मध्यें तडजोडी झाल्या. भरपाई व बदली चराई देण्याचें ठरलें. चक्क्या मात्र जागच्या हालल्या नाहींत.

डेन्मार्कच्या सामसो बेटाची हकीकत निराळी आहे. सुमारें चार हजार वस्तीच्या या बेटानें १९९७ सालीं एक सरकारी स्पर्धा जिंकली. बेटाची ऊर्जेची सर्व गरज दहा वर्षांत नूतनक्षम साधनांतून भागवावयाची, असा संकल्प होता. प्रथम सभा भरल्या, घरोघर चर्चा झाली. चक्की कोठें असावी आणि कोठें नसावी, हें लोकांनीं ठरविलें. त्यानंतर जमिनीवर ११ व समुद्रांत १० चक्क्या उभ्या राहिल्या. जमिनीवरील नऊ शेतकऱ्यांच्या व दोन सहकारी मालकीच्या झाल्या. समुद्रांतील पांच नगरपालिकेनें घेतल्या. पात्यांचा आवाज दोन्ही देशांत सारखाच. परंतु येथें तो मालकाच्या कानीं पडत होता.

पक्ष्यांना मात्र सभेस बोलावतां येत नाहीं. त्यांचें म्हणणें निरीक्षणानेंच जाणावें लागतें. नॉर्वेच्याच स्मोला बेटावर पांढऱ्या शेपटीचे गरुड पात्यांवर आदळून मरत असत. तेथें चार चक्क्यांचें, तीनपैकीं एक पातें काळें रंगविण्यांत आलें. त्यामुळें फिरतें पातें पक्ष्यांस अधिक स्पष्ट दिसावें, ही कल्पना. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या चक्क्यांखालील पक्षिमृत्यु सुमारें ७० टक्क्यांनीं घटले. प्रयोग लहान, पण आशादायक आहे.

कोळशाचा धूर थांबविण्यासाठीं चक्क्या हव्यातच. तथापि पाया खणण्यापूर्वीं विचारलेला प्रश्न वाटाघाटीनें सुटतो. तोच पाया भरल्यानंतर विचारला, तर न्यायालयाच्या निकालानेंहि चराई परत मिळत नाहीं.