तलवारबाजीचा फोटो का हलतो?



जत्रेतला फोटोवाला म्हणतो, "हलू नका हं!" आपण श्वास रोखून उभे राहतो आणि फोटो छान येतो. पण ज्याचा फोटो काढायचा तोच विजेसारखा धावत असेल तर? याच गोष्टीने माझी चांगली फजिती केली.

गेल्या वर्षी आपल्या शाळेची सहावीतली एक मुलगी तलवारबाजी खेळायला जिल्ह्याला गेली. आईवडील ऊसतोडीला निघालेले. आई म्हणाली, "गुरुजी, आमाला काय यायला जमायचं नाही. पोरीचा एक फोटू तेवढा काढून ठेवा." मी मित्राचा कॅमेरा मागून नेला. साठ-सत्तर फोटो काढले. सगळे धूसर! हंगाम संपवून ती माणसे गावी परतली. आईने फोटो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "गुरुजी, ह्यातली आमची कंची?" मी खाली मान घातली.

मग मी या गोष्टीचा नीट अभ्यास केला. जे कळले ते सांगतो.

१) झडप. कॅमेऱ्याच्या आत एक झडप असते. तिला शटर म्हणतात. ती उघडी असते तेवढाच वेळ प्रकाश आत येतो. माझी झडप १/३० सेकंद उघडी राहत होती. तलवारीचे टोक सेकंदाला ३ मीटर सरकते असे धरा. म्हणजे तेवढ्या वेळात ते १० सेंटिमीटर पुढे गेले! फोटोत तलवारीऐवजी पांढरा फराटा उमटला. झडप १/५०० सेकंदच उघडली, तर टोक फक्त ६ मिलिमीटर सरकते. तलवारबाजीचे फॉइल, एपी आणि सेबर असे तीन प्रकार आहेत. सेबरमध्ये टोकाने आणि धारेनेही वार चालतो, म्हणून तो खेळ फार चपळ. भवानी देवी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबरच खेळली. ऑलिंपिक खेळणारी ती भारताची पहिली तलवारबाज.

२) प्रकाश. झडप लवकर मिटली की प्रकाश कमी पडतो. १/३० वरून १/५०० वर आलो, म्हणजे प्रकाश सुमारे १६ पट घटला. बाहेर ऊन असते, पण सभागृहात कुठून आणणार? फ्लॅश मारायचा नाही. खेळणाऱ्याचे आणि पंचांचे डोळे दिपतात. मग गणित केले. भिंगाचे छिद्र ५.६ या आकड्यावर होते, ते २.८ वर आणले. इथे आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे! प्रकाश चौपट झाला. कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची ताकद, म्हणजे आयएसओ, ४०० वरून १६०० केली. तीही चौपट. ४ गुणिले ४ बरोबर १६. हिशेब जुळला! फोटोत थोडे दाणे दिसतात, पण फराट्यापेक्षा दाणे बरे.

३) जागा. खेळाची पट्टी १४ मीटर लांब असते. मधल्या रेषेपासून दोन्हीकडे २ मीटरवर खेळाडू सज्ज उभे राहतात. मी पट्टीच्या टोकाला, जरा बाजूला, जमिनीवर बसलो. खाली बसले की पुढे टाकलेला पाय आणि झेप पुरी दिसते.

४) वेळ. वार लागला की यंत्रावर लाल किंवा हिरवा दिवा लागतो. दिवा पाहून बटन दाबाल तर उशीर झालाच म्हणून समजा. झेल घेताना चेंडू येण्याआधी हात पुढे नेतो ना? तसेच. झेप सुरू होताच बटन दाबावे.

५) लुकलुक. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. जुन्या चोकची ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, पण १/५०० च्या झडपेला कळते! एक फोटो उजळ, दुसरा काळसर. म्हणून लागोपाठ चार-पाच काढावेत.

एवढे झाले तरी आईचा प्रश्न राहिलाच. खेळताना तोंडावर जाळीचा मुखवटा असतो. पोर ओळखायची कशी? सामना संपला की दोघे मुखवटा काढून एकमेकांना सलामी देतात. तेव्हा मात्र कॅमेरा खाली ठेवायचा नाही.

यंदा आपली मुलगी दुसऱ्याच सामन्यात हरली. तिने मुखवटा काढला. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लाल. तलवार उभी धरून तिने सलामी दिली आणि मी बटन दाबले.

पाडव्याला आईवडील गावी आले. आईने फोटो पाहिला मात्र, म्हणाली, "ही बघा माझी!" जिंकली का हरली, हे तिने विचारलेच नाही.

करून पाहा: रात्री जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली पांढरी पेन्सिल डोळ्यांसमोर जोरात हलवा. एकीच्या अनेक पेन्सिली दिसल्या तर ती दिव्याची लुकलुक. किती दिसल्या ते उद्या वर्गात सांगा.